एका बँडचे दोन ‘दुसरे’ अल्बम

१९९१ सालच्या हिवाळ्यात माझा मावसभाऊ नागपूरहून आला, तेव्हा त्याच्या पिशवीत संत्र्यांखाली एक कॅसेट होती. बँडचं नाव ‘रॉक मशीन’, अल्बमचं नाव ‘द सेकंड कमिंग’. आमचं इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरतं. शब्दकोश काढून आम्ही अर्थ लावला : दुसऱ्यांदा येणं. मग प्रश्न पडला, की हे पहिल्यांदा कधी आले होते आणि तेव्हा आम्ही कुठे होतो?

आमच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता. तो होता राईस मिलमधल्या मुनीमजींकडे. त्यांच्या ओसरीवर, भुशाच्या वासात, आम्ही ती कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली. शब्द जेमतेम कळले. पण एक गोष्ट लख्ख कळली, की हे सिनेमातलं गाणं नाही. कुठल्या हिरोसाठी, कुठल्या प्रसंगासाठी हे बांधलेलं नाही. पाचसहा जणांनी एकत्र बसून, आपल्याला वाटलं म्हणून हे केलं आहे आणि ते मुंबईचे आहेत. हावडा-मुंबई मेल आमच्या गोंदियाच्याच फलाटावरून त्या शहराकडे जात असे.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. गावात संगीताला तोटा नव्हता. लग्नाचा बँड होता, गणपतीत ऑर्केस्ट्रा होता, १४ एप्रिलला रात्रभर भीमगीतं होती. अर्जुनी मोरगाव, नवेगावबांधकडे गेलं, की भाऊबीज उलटताच मंडईची जत्रा भरायची, दंडारीचं लोकनाट्य व्हायचं आणि झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या धानाच्या मुलखाची, नाटकं सुरू व्हायची. रात्री दहाच्या सुमाराला पडदा वर जाई आणि प्रेक्षक घरी परतायचे ते उजाडल्यावर. रंगमंचालगत बसलेले वादक रात्रभर वाजवत. ऑर्गन, तबला आणि पुढे ऑक्टोपॅड. या माणसांच्या हातात काय ताकद आहे हे ज्याने पेंडॉलमध्ये बसून ऐकलं नाही, त्याला सांगून पटणार नाही. पण पहाटे नाटक संपलं, की ते संगीतही संपत असे. वादक पुढच्या गावाच्या गाडीत बसत. मागे काही उरत नसे.

त्या ‘मागे उरण्या’विषयी मला हा लेख लिहायचा आहे. त्यासाठी मी ज्या बँडची गोष्ट सांगणार आहे, त्याच्या नावावर एक विलक्षण योग आहे. या बँडने दुसरा अल्बम दोनदा केला.

रॉक मशीन हा बँड मुंबईत १९८४ साली सुरू झाला. गिटारवर महेश तिनाईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रम्सवर मार्क मेनेझिस आणि गायला उदय बेनेगल : लोकांच्या लक्षात राहिलेला संच तो हा. त्या काळी मुंबईत रॉकचं घर म्हणजे धोबीतलावचं रंगभवन, झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघड्या आभाळाखालचं नाट्यगृह. १९८६ साली फरहाद वाडियाने ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला आणि दर वर्षी देशभरच्या बँडांना एक हक्काचं व्यासपीठ मिळालं. पण त्या व्यासपीठावरही प्रेक्षकांची अपेक्षा एकच असे : परदेशी बँडांची गाणी हुबेहूब वाजवा. लेड झेपेलिन, डीप पर्पल, आयर्न मेडन. जो जास्त हुबेहूब, तो जास्त मोठा. स्वतःचं गाणं काढलं, की पोरं उठून चहा प्यायला जायची.

मला यात आमचा ऑर्केस्ट्रा दिसतो. गोंदियाच्या गणेशोत्सवात किशोरकुमारच्या आवाजात गाणारा माणूस देवासारखा मानला जाई. त्याने स्वतःचं गाणं म्हणायचं ठरवलं असतं, तर मंडळाने पुढल्या वर्षी त्याला बोलावलं नसतं. नक्कल करणाऱ्याला दाद मिळते आणि मजुरीही मिळते, म्हणून तो नक्कल करत राहतो. यात त्याचा दोष काढायला माझी जीभ वळत नाही.

रॉक मशीनने ही साखळी तोडली. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा पहिला अल्बम आला. सगळी गाणी स्वतःची. आज हातातल्या फोनवर माणूस दुपारी गाणं करून संध्याकाळी जगासमोर ठेवतो, त्यामुळे तेव्हाची अडचण सांगावी लागते. स्टुडिओ सिनेमाच्या पाळ्यांवर चालत. एकेक तास पैशांत मोजला जाई. फितीवर मोजकेच ट्रॅक, म्हणजे ड्रम्सचे इतके, बासचा एक, गिटारचे दोन-तीन, असा हिशोब करावा लागे. चुकलं, की फीत मागे नेऊन पुन्हा. आणि मुंबईचे ध्वनिमुद्रक कसलेले असले तरी त्यांचा कान व्हायोलिनच्या ताफ्याला, ढोलकीला, लताबाईंच्या आवाजाला सरावलेला. विकृत करून, फाटका करून हवा असलेला गिटारचा आवाज ऐकून कुणालाही आधी वाटणार, की तार सैल झाली आहे.

तरीही पहिला अल्बम करणं हे एका अर्थी सोपं असतं, असं मला आता वाटतं. पहिल्या अल्बमला बँडचं अख्खं आधीचं आयुष्य पुरवठा करत असतं. चार-पाच वर्षं वाजवून वाजवून गुळगुळीत झालेली गाणी असतात. कुठल्या ओळीला लोक ओरडतात, कुठल्या तानेला हात वर जातात, हे ठाऊक असतं. स्टुडिओत जाऊन फक्त ते उतरवायचं. दुसऱ्या अल्बमला हा साठा नसतो. कोठार रिकामं झालेलं असतं आणि नवं पीक यायला अवघा एखादा हंगाम मिळतो. शिवाय पहिल्याची सावली असते. तसंच केलं तर ‘नवीन काय?’ आणि वेगळं केलं तर ‘हे तुमचं वाटत नाही’.

जगभर याची उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या निर्वाणा या बँडचा १९८९चा पहिला अल्बम ‘ब्लीच’ सुमारे सहाशे डॉलरांत एका छोट्या स्वतंत्र कंपनीसाठी झाला. दोन वर्षांनी आलेल्या ‘नेव्हरमाइंड’ या दुसऱ्या अल्बमने रॉकचा काळच पालटला. इंग्लंडच्या स्टोन रोझेसचं उलट झालं. १९८९च्या पहिल्या अल्बमनंतर त्यांना दुसऱ्याला पाच वर्षं लागली आणि १९९४ साली तो आला तेव्हा त्याचं नाव होतं ‘सेकंड कमिंग’. मुंबईच्या पोरांनी हे नाव चार वर्षं आधीच वापरून ठेवलं होतं, हे वाचलं त्या दिवशी मला झालेला आनंद अगदी मुलखाच्या अभिमानाचा होता.

कारण रॉक मशीनचा तो दुसरा अल्बम आला १९९० साली. आमच्या ओसरीवर पोचला तो हाच. पहिल्यानंतर दोन वर्षांत. ‘आम्ही पुन्हा आलो आहोत’ असं अल्बमच्या माथ्यावरच लिहिणाऱ्या बँडला आपल्या पहिल्या येण्याची किंमत कळलेली असते. एकदा येऊन जाणारे पुष्कळ होते त्या काळी. कॉलेज संपलं, की बँड संपायचा. कुणी परदेशी जाई, कुणी बँकेत लागे. दुसरा अल्बम म्हणजे नोकरी, घर, लग्न या सगळ्याच्या पलीकडे जाऊन ‘आम्ही अजून एकत्र आहोत’ असं सही करून दिलेलं पत्र.

पुढचा काळ वेगाने गेला. १९९१मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या आणि त्यांच्यासोबत एमटीव्ही. १९९३ साली बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांची पसंती मिळाली. १९९५ साली ‘इंडस क्रीड’ नावाचाच अल्बम आला. नव्या नावाचा हा पहिला. सगळं जुळून आल्यासारखं दिसत होतं. आणि नेमका तेव्हा वारा फिरला. वाहिन्या हिंदीकडे वळल्या, इंडीपॉपची लाट आली, कंपन्यांना हिंदीतला एकटा गायक परवडू लागला. इंग्रजीत गाणारा सहा जणांचा बँड महाग वाटू लागला. १९९७च्या आसपास इंडस क्रीड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी पुढे न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाने काम केलं. बाकीचे आपापल्या वाटेने गेले.

अशा गोष्टी इथेच संपतात. आमच्याकडेही संपतात. झाडीपट्टीची एखादी नाटक मंडळी एका हंगामात वडशाला, या नाटकांच्या मुख्य ठाण्यावर, मोठी होते, गावोगावी तिच्या तारखा लागतात, आणि दोन वर्षांनी तिचा फलक कुठेच दिसत नाही.

मधल्या काळात, २००० साली, दिल्लीहून एक अल्बम आला, त्याचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. इंडियन ओशनचा ‘कंदिसा’. हाही स्टुडिओत केलेला दुसराच अल्बम. पहिला १९९३ साली एचएमव्हीने काढला होता आणि मधे १९९७ साली दिल्लीतल्या एका जाहीर कार्यक्रमाचं थेट ध्वनिमुद्रण ‘डेझर्ट रेन’ म्हणून निघालं. सुस्मित सेन, असीम चक्रवर्ती, राहुल राम, अमित किलम हे चौघे, सातच गाणी. त्यातलं ‘मा रेवा’ नर्मदाकाठच्या लोकगीतावर उभं आहे. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षं काम करत होते आणि गाणं तिथून सोबत आलं. ‘कंदिसा’ हे शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवरचं. पहिल्या अल्बममध्ये जवळजवळ सगळं वाद्यसंगीत होतं. दुसऱ्यात या लोकांना गळा सापडला. मधली सात वर्षं त्यांनी गाणी प्रेक्षकांसमोर वाजवून, मोडून, पुन्हा बांधून पाहिली होती. तो अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मुनीमजींची ओसरी आठवली आणि रागही आला. नर्मदेचं गाणं स्टुडिओपर्यंत जाऊ शकतं, मग वैनगंगेचं का नाही?

राग कुणा माणसावर नव्हता. आपल्या सवयीवर होता. आमच्या जिल्ह्यातली संगीताची सगळ्यांत जुनी गोष्ट सालेकसा तालुक्यातल्या कचारगडची आहे. माघ पौर्णिमेला तिथे लाखो गोंड भाविक येतात. त्यांच्या कथेत गुहेत कोंडलेल्या मुलांच्या सुटकेसाठी हिरासुका पाटालीर हा किंगरी या तंतुवाद्याचा वादक पुढे होतो आणि दगड हटवताना जीव देतो. ज्या मुलखाच्या मूळकथेत एक वादक आहे, त्या मुलखात वादकांची नावं कॅसेटच्या कव्हरवर आली नाहीत. माझ्या तरुणपणी गोंदियाच्या कॅसेटच्या दुकानांत मी किंगरीची कॅसेट मागितली, तेव्हा दुकानदाराने मला सारंगीची दिली. त्याच्याजवळ जे सर्वांत जवळचं होतं ते त्याने दिलं.

आता बँडच्या दुसऱ्या ‘दुसऱ्या’ अल्बमकडे येतो.

उदय बेनेगल मुंबईत परतल्यावर महेश तिनाईकरांबरोबर त्यांची ‘व्हर्लिंग कलापाज’ ही अकुस्टिक जोडी वाजवू लागली. मोठे ध्वनिक्षेपक नाहीत, धूर नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. लाकडी गिटार आणि गळा. माझ्या मते अल्बमचं खरं बी इथे पडलं. गोंगाट काढून घेतल्यावर गाण्यात काय उरतं हे त्यांना इतक्या वर्षांनी पुन्हा पाहायला मिळालं. २०१० साली इंडस क्रीड नव्याने उभा राहिला. बेनेगल, तिनाईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने. बासवर रुशद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे दोघे नवे, वयाने बरेच धाकटे.

जुन्या बँडाला पुन्हा जमताना एक मोह असतो आणि तो फार गोड असतो. जुनी गाणी वाजवायची. प्रेक्षक तयार असतो, तो स्वतःच्या तारुण्याला टाळ्या वाजवायला आलेला असतो. पैसेही मिळतात. या पाच जणांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी नवी गाणी लिहिली आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ आला. ‘इंडस क्रीड’ या नावाचा दुसरा अल्बम, पहिल्यानंतर सतरा वर्षांनी.

आठ गाणी. पहिलं ‘फायरफ्लाइज’, शेवटचं ‘गुडबाय’. जुन्या रॉक मशीनची उसळी यात नाही. गाणी लांब आहेत, वळणं घेत जातात, कीबोर्ड मागे राहून हवा भरतो, गिटार बोलण्याआधी थांबतो. ‘फायरफ्लाइज’ ऐकताना मला दर वेळी पावसाळ्याच्या तोंडावर नवेगावबांधच्या रानात झाडावर लुकलुकणारे काजवे दिसतात. गाणं त्याविषयी नसेलही. पण माझ्या मनाने ते तिथे नेऊन ठेवलं आहे आणि आता ते तिथेच राहणार.

या अल्बमची कारागिरी समजून घेण्यासारखी आहे, कारण फितीच्या काळापासून सगळं बदललं होतं. आता ट्रॅकना मर्यादा नव्हती. आधी तात्पुरत्या गिटारवर आणि तालाच्या ठोक्यावर गाण्याचा सांगाडा उभा करायचा, मग त्यावर ड्रम्स, मग बास, मग खऱ्या गिटारी, कीबोर्ड आणि सर्वांत शेवटी गळा, ही रॉक बँडांची साधारण रीत. एकेका गाण्याचे चाळीस-पन्नास ट्रॅक सहज होतात. इथेच धोकाही असतो. फीत महाग होती तेव्हा माणूस निर्णय घेत असे. आता निर्णय पुढे ढकलता येतो. ‘राहू दे, मिक्सिंगमध्ये बघू’ हे वाक्य म्हणता म्हणता अल्बम वर्षानुवर्षं अडकतात. मिक्सिंग म्हणजे त्या सगळ्या आवाजांना एका घरात राहायला लावणं : कुणी पुढच्या खोलीत, कुणी माजघरात, कुणी अंगणात, आणि कुणाला हात जोडून निरोप. ‘इव्हॉल्व्ह’चं हे काम टिम पामर या ब्रिटिश ध्वनिमुद्रकाने केलं. पर्ल जॅमच्या १९९१च्या ‘टेन’चं मिक्सिंग त्याच्याच हातचं. १९८८ साली ज्या बँडला आपल्या गिटारचा आवाज समजावून सांगावा लागला असेल, त्याला आता असा माणूस मिळाला होता ज्याला काहीच समजावायचं नव्हतं.

या अल्बमने बाजार हलवला का? तसा प्रश्नच मला पडत नाही. सतरा वर्षं कुणी मागितला नव्हता, तरी तो झाला. पहिल्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी त्यांच्यामागे जोर होता, वय होतं, नुकताच मिळालेला टाळ्यांचा आवाज होता. दुसऱ्या वेळी यांपैकी काहीच नव्हतं. फक्त एकत्र बसून वाजवावं असं वाटणं होतं. मला विचाराल तर खरा दुसरा अल्बम हाच.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगत होतो, कारण तो अडकला आहे.

तो पंचविशीतला. लग्नसराईत धुमालमध्ये ऑक्टोपॅड वाजवतो. ज्यांनी आमच्याकडची वरात पाहिली नाही त्यांच्यासाठी : धुमाल म्हणजे ढोल-ताशे, कॅसिओ, ऑक्टोपॅड, भोंगे आणि जनरेटर असा चालता कारखाना, त्याच्यापुढे पाय हलले नाहीत असा माणूस नागपूर ते रायपूर सापडायचा नाही. थंडीत तो झाडीपट्टीच्या नाटकांना जातो. आणि उरलेल्या दिवसांत तीन मित्रांबरोबर स्वतःची गाणी करतो. शब्द मराठी, हिंदी, मधेच पोवारी. आमच्या घरात बोलणंही असंच मिसळीचं असतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सहा गाणी रेकॉर्ड केली. स्टुडिओ म्हणजे एका मित्राच्या वडिलांच्या राईस मिलचं गोदाम. डिसेंबरचे दिवस, धानाची पोती छतापर्यंत रचलेली. पोत्यांनी आवाज असा शोषून घेतला, की ड्रमचा ठोका गादीवर पडल्यासारखा नेमका आणि कोरडा आला. विकतचे पडदे-बिडदे लावून जे साधत नाही ते धानाने फुकट करून दिलं.

यंदा सप्टेंबरात त्यांनी दुसऱ्या सहा गाण्यांना हात घातला.

“मामा, पहिली गाणी अशीच आली होती,” तो म्हणाला. “आता बसलो का काही सुचूनच नाही राहिलं. आन् सुचलं तं पहिल्यासारखंच सुचते.”

मी त्याला बेनेगल-तिनाईकरांची गोष्ट सांगितली, सतरा वर्षांची. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “तुम्ही एकदा गोदामात या.”

गेलो. गोदाम रिकामं होतं. खरिपाचं धान अजून शेतात उभं, जुनं सगळं उचललं गेलेलं. वर पत्रा, खाली फरशी, भिंतीला कबुतरं. त्याने मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. आवाज पत्र्यावर गेला, तिथून भिंतीवर, आणि बऱ्याच वेळाने विरला.

“म्हणून अडलं आहे सगळं,” तो म्हणाला. “ठोका मारला का तोच परत येते. पहिल्यासारखा आवाज पाहिजे असंन तं दिवाळीनंतर पोती येईपर्यंत थांबा लागते. अन् तेव्हा तं मी नाटकाले वडशाले असतो.”

त्याच्या मित्राने तेवढ्यात कॅसिओचा एकच सूर दाबून धरला. सूर सुटल्यावरही गोदामात राहिला. भाच्याने मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. दुसऱ्याने त्यात बासची एक ओळ सोडली, अगदी सावकाश, परत येणाऱ्या आवाजाला जागा ठेवत. मग तिसरा. कुणी बोललं नाही. भाचा ऑक्टोपॅडपाशी गेला, काठ्या उचलल्या आणि खाली ठेवल्या. कोपऱ्यातला पत्र्याचा रिकामा डबा ओढून आणला आणि त्यावर हाताने, चार-चार मात्रा सोडून, एकेक ठोका देऊ लागला.

गेल्या आठवड्यात मी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला निघालो होतो. तुमसर रोड आलं तेव्हा फोनवर त्याची फाइल आली. नावाच्या जागी फक्त ‘२’. मी कानाला लावली. आधी कबुतरांचे पंख ऐकू आले, मग दूर कुठेतरी मिलचा पट्टा, मग डब्यावरचा पहिला ठोका आणि त्याच्यामागून परत येणारा तोच ठोका.